दलाली शून्य, खर्च किती?

अमळनेरला वनस्पती तूप काढण्यासाठी १९४५ साली ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ नावाची कंपनी स्थापन झाली. गावातल्या लोकांनी हळूहळू तिचे शेअर घेतले. हीच कंपनी पुढे विप्रो झाली, तेलातून संगणकात गेली आणि बोनसवर बोनस देत राहिली. ज्यांनी ते कागद पेटीत तसेच राहू दिले, त्यांच्या घरात पुढच्या पिढीला कोट्यवधी रुपये मिळाले. खानदेशात हे अभिमानाने सांगतात आणि शेअर बाजाराच्या मराठी शिबिरांतही अमळनेरचे नाव हमखास निघते.

शिबिरात दुसऱ्या एका कंपनीचे नाव निघत नाही. अमळनेरच्या आदल्याच वर्षी, १९४४ मध्ये, सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि नंतर पद्मिनी बाहेर पडत होती, आणि गाडीसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. १ जानेवारी १९८६ रोजी सेन्सेक्स सुरू झाला, तेव्हा त्यातल्या तीस कंपन्यांत प्रीमियर होती, विप्रो नव्हती. त्या दिवशी एखाद्या जाणत्या माणसाला ‘दोन्हींतला कोणता घेऊ?’ असे विचारले असते, तर त्याने बिनदिक्कत प्रीमियरकडे बोट दाखवले असते. आणि त्याचे चुकले असे त्या दिवशी कोणीच म्हटले नसते. पुढे प्रीमियर दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

तेव्हा अमळनेरच्या उदाहरणातून ‘विप्रोसारखा शेअर शोधा’ हा धडा काढणे फसवे आहे. तुपाची कंपनी संगणकात जाईल हे १९४५ मध्ये कोणाला कळणार होते? मला त्या उदाहरणातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. तेव्हा शेअर विकणे हे किचकट काम होते. कागदी प्रमाणपत्र शोधायचे, हस्तांतराचा अर्ज भरायचा, सही जुळवायची, दलाल गाठायचा आणि मग आठवडे वाट पाहायची. एवढा खटाटोप कोण करणार, म्हणून शेअर राहिले. आज ती अडचण उरलेली नाही. १९९६ मध्ये एनएसडीएल आणि १९९९ मध्ये सीडीएसएल या डिपॉझिटऱ्या आल्या, कागद गेले. जानेवारी २०२३ पासून सगळे व्यवहार दुसऱ्याच दिवशी पुरे होतात. मार्च २०२० मध्ये देशात चार कोटींच्या आसपास डीमॅट खाती होती, २०२५ मध्ये ती वीस कोटींच्या पुढे गेली. रिक्षात बसल्या बसल्या शेअर घेता येतो आणि उतरायच्या आत विकताही येतो. लहान गुंतवणूकदाराने ब्रोकर निवडताना आणि शेअर निवडताना ही सोय कोणाच्या फायद्याची आहे, हे आधी पाहावे.

बंगळुरूत २०१० मध्ये झिरोधा सुरू झाली, तोवर दलाली टक्केवारीने घेतली जायची. शेअर घेऊन खात्यात ठेवण्यावर, म्हणजे डिलिव्हरीवर, अर्धा टक्का हा सर्रास दर होता. झिरोधाने व्यवहार कितीही मोठा असो, वीस रुपयांची कमाल मर्यादा लावली आणि २०१५ च्या अखेरीस डिलिव्हरीवरची दलाली पूर्ण काढून टाकली. अनेकांना तोच कित्ता गिरवावा लागला. हा गुंतवणूकदाराचा खरा फायदा आहे, त्यात शंका नाही. पण ब्रोकर कंपनीला पगार द्यायचे असतात, संगणकयंत्रणा चालवायची असते. तो पैसा येतो मुख्यतः त्याच दिवशी घेऊन विकण्यातून, म्हणजे इंट्राडेतून, आणि फ्युचर्स-ऑप्शन्समधून. शेअर घेऊन पाच वर्षे गप्प बसणारा ग्राहक अशा कंपनीला जवळजवळ काहीच मिळवून देत नाही. ॲप उघडताच ‘आज सर्वाधिक वाढलेले’, ‘आज सर्वाधिक विकत घेतलेले’ अशा याद्या समोर का येतात, याचे उत्तर इथे आहे.

या वाटेने जाणाऱ्यांचे काय होते, हे बाजाराची नियामक संस्था सेबीने मोजले आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात राहिल्या आणि त्यांचा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांवर गेला. इंट्राडेचे चित्र थोडे सौम्य, म्हणजे २०२२-२३ मध्ये शंभरातले ७१ तोट्यात. हे आकडे वाचूनही ‘मी उरलेल्या सातांत असेन’ असे वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे. त्यावर उपाय एकच: खाते उघडताना फ्युचर्स-ऑप्शन्सचा विभाग सुरूच करू नये. तो वेगळा मागावा लागतो, उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो. देऊ नका.

आता डिलिव्हरीचा हिशेब. समजा ५,००० रुपयांचे शेअर घेतले आणि त्याच भावाला विकले. दलाली शून्य. तरीही रोखे व्यवहार कर दोन्ही वेळा ०.१ टक्का, म्हणजे पाच आणि पाच असे दहा रुपये. खरेदीवर मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्का, म्हणजे रुपयाच्या आत. बाजाराचे शुल्क काही पैसे. विकताना डीमॅटमधून शेअर बाहेर काढण्याचे डीपी शुल्क मात्र रकमेवर नसते. ते कंपनीमागे, दिवसामागे साधारण पंधरा रुपये असते, मग शेअर एक विका की हजार. बेरीज २६ रुपयांच्या आसपास, म्हणजे अर्धा टक्का. ब्रोकर दर व्यवहाराला वीस रुपये घेणारा असेल, तर दोन वेळचे चाळीस आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून हाच खर्च ७३ रुपयांवर जातो. शेअर दीड टक्का वर गेला तरी हातात काही नाही. हेच ५०,००० रुपयांना केले, तर शून्य दलालीवाल्याकडे खर्च पाव टक्क्यावर येतो. दलालीची तुलना करणारे तक्ते बहुधा मोठ्या रकमेवर केलेले असतात, म्हणून छोट्या रकमेवाल्याने हा गुणाकार स्वतःच्या आकड्याने करावा.

आता हाच ५,००० रुपयांचा शेअर दर महिन्याला बदलला तर? शून्य दलालीतही वर्षाला तीनशेच्या वर रुपये गेले. सहा टक्क्यांहून जास्त. जवळपास मुदत ठेवीचे व्याज. शिवाय वर्षाच्या आत विकलेल्या नफ्यावर २० टक्के कर आहे. वर्षभरानंतर विकले, तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, आणि त्यापुढे साडेबारा टक्के. जुलै २०२४ पासून हे दर लागू आहेत. छोट्या गुंतवणूकदाराला सव्वा लाखाची सूट म्हणजे बहुतेक वेळा पूर्ण करमाफीच. ती घेण्यासाठी फक्त बसून राहायचे असते.

आणखी एक खर्च आहे, तो दिसतच नाही. डीमॅटचे वार्षिक शुल्क अनेक ठिकाणी तीन-चारशे रुपये असते. वीस हजारांच्या गुंतवणुकीवर हे दीड-दोन टक्के होतात, सगळ्या दलालीहून जास्त. यासाठी सेबीने ‘बेसिक सर्व्हिसेस डीमॅट अकाउंट’ची सोय केली आहे. सप्टेंबर २०२४ पासूनच्या नियमानुसार खात्यातल्या शेअरची किंमत ४ लाखांपर्यंत असेल तर वार्षिक शुल्क शून्य, आणि ४ ते १० लाखांत फक्त शंभर रुपये. अट एवढीच की पहिला खातेदार म्हणून तुमचे देशभरात एकच डीमॅट खाते हवे. मोफत म्हणून तीन ॲपवर तीन खाती उघडणारा ही सवलत घालवून बसतो.

खर्चाचे इतके पुरे. ब्रोकरच्या बाबतीत त्याहून मोठा प्रश्न असा की वीस वर्षांनी माझे शेअर जागेवर असतील का?

हैदराबादची कार्वी हे एके काळी देशातल्या मोठ्या ब्रोकरांपैकी एक नाव होते. शाखा गावोगाव, ग्राहक लाखोंनी. २२ नोव्हेंबर २०१९ रोजी सेबीने तिला नवे ग्राहक घेण्यास मनाई केली, कारण तिने ग्राहकांच्या खात्यांतले शेअर आपल्या खात्यात ओढून बँका आणि वित्तसंस्थांकडे गहाण टाकले होते आणि त्यावर कर्ज उचलले होते. हे जमले कसे? खाते उघडताना ग्राहक जो सह्यांचा गठ्ठा देतो, त्यात एक मुखत्यारपत्र असायचे. शेअर विकले की ते ब्रोकरला बाजाराकडे पोहोचवता यावेत, हा त्याचा उद्देश. वापर भलत्याच कामाला झाला. डिसेंबर २०१९ मध्ये एनएसडीएलने बहुतेक ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यांत परत वळते केले. वर्षभराने राष्ट्रीय शेअर बाजाराने कार्वीला थकबाकीदार ठरवून सदस्यत्वावरून काढले, आणि ज्यांचे पैसे अडकले होते त्यांना दावे दाखल करत फिरावे लागले.

या प्रकरणानंतर नियम बरेच घट्ट झाले. सप्टेंबर २०२० पासून तारणासाठीचे शेअर ग्राहकाच्याच डीमॅटमध्ये राहतात, तिथेच त्यांच्यावर तारणाची खूण होते. २०२२ मध्ये मुखत्यारपत्राच्या जागी ‘डीडीपीआय’ हा मर्यादित अधिकार आला. तो शेअर विकल्यावरचे हस्तांतर आणि तारण अशा ठरावीक कामांनाच चालतो आणि देणे सक्तीचे नाही. माझे मत विचाराल तर देऊच नये. न दिल्यास दर विक्रीला डिपॉझिटरीचा पिन आणि मोबाइलवरचा ओटीपी टाकावा लागतो. रोज विकणाऱ्याला तो वैताग वाटतो, वर्षातून दोनदा विकणाऱ्याला तेवढा चालतो. उलट, अमळनेरकरांना कागदांनी जी अडचण घातली होती, तिचा थोडासा अंश यात शिल्लक आहे.

मुळात हे ध्यानात घ्यावे की शेअर ब्रोकरकडे नसतात. ते डिपॉझिटरीत असतात. बँकेत लॉकर तुमच्या नावाचा असतो आणि दाराशी नोंदवही घेऊन बसलेला माणूस फक्त आत सोडतो, तसे ब्रोकरचे. म्हणून दारावरच्या माणसाच्या तोंडी हिशेबावर विसंबू नये. ॲपवरचा पोर्टफोलिओ हा ब्रोकरने दाखवलेला हिशेब आहे. डिपॉझिटरीकडून ई-मेलवर येणारे एकत्रित खातेपत्रक हा खरा. व्यवहार झालेल्या महिन्यानंतर ते येते आणि ते उघडून दोन्हींतली संख्या जुळते का, एवढे पाहायला पाच मिनिटे लागतात. पैशाचे मात्र तसे नाही. ब्रोकरकडे पाठवलेली रक्कम डिपॉझिटरीत नसते, ती ब्रोकरच्याच हातून फिरते. वापरात नसलेले पैसे ठरावीक मुदतीने परत पाठवायचे बंधन ब्रोकरवर आहे, तरी लागेल तेव्हाच आणि लागतील तेवढेच पाठवावेत.

मग कोणता ब्रोकर? नाव सांगण्यात अर्थ नाही, दरपत्रके बदलत असतात. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर प्रत्येक ब्रोकरचे सक्रिय ग्राहक किती आणि त्याच्याविरुद्ध तक्रारी किती, हे दोन्ही आकडे मिळतात. त्यांचे प्रमाण पाहा. सेबीचा नोंदणी क्रमांक तिथूनच पडताळा. तालुक्याच्या गावी जो माणूस ‘मी अमुक ब्रोकर’ म्हणतो, तो बहुधा त्या ब्रोकरने नेमलेला अधिकृत प्रतिनिधी असतो. त्याच्या हाती रोख रक्कम द्यायची नाही, पासवर्ड द्यायचा नाही, ‘मीच तुमच्या वतीने करतो’ याला होकार द्यायचा नाही. बँकेचा ब्रोकर महाग पडतो, पण आईवडिलांच्या बँकेत खाते आहे, शाखेत जाऊन बोलता येते, याची किंमत काहींना मोजावीशी वाटेल. ती चूक नाही. ॲप मधूनच बंद पडते या तक्रारीला मी फार महत्त्व देत नाही. दहा वर्षांसाठी घेतलेला शेअर आजऐवजी दुसऱ्या दिवशी विकला तर आकाश कोसळत नाही.

अलीकडे तर ब्रोकरच खोटा असण्याची भीती जास्त. व्हॉट्सॲप गटात घ्यायचे, नामांकित कंपनीचे चिन्ह लावलेले बनावट ॲप द्यायचे, त्यावर फुगलेला नफा दाखवायचा आणि काढायला गेले की ‘आधी कर भरा’ म्हणायचे, ही रीत आता पोलीस ठाण्यांना पाठ झाली आहे. ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत ब्रोकरांसाठी ‘@’ या चिन्हानंतर ‘व्हॅलिड’ शब्द असलेले वेगळे यूपीआय पत्ते आले आहेत. पैसे कोणा व्यक्तीच्या किंवा अनोळखी फर्मच्या खात्यात मागितले जात असतील, तर तिथेच थांबावे.

आता शेअर. नवख्याची पहिली ठेच भावाला लागते. दहा रुपयांचा शेअर स्वस्त आणि लाखाचा महाग, असे वाटते. एमआरएफच्या शेअरने जून २०२३ मध्ये एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. पण त्या कंपनीचे शेअर आहेत जेमतेम ४२ लाख. म्हणजे लाखाच्या भावाने अख्खी कंपनी साधारण ४२ हजार कोटींना पडते. व्होडाफोन आयडियाच्या थकबाकीच्या बदल्यात सरकारने २०२५ मध्ये शेअर घेतल्यावर तिच्या शेअरची संख्या १० हजार ८०० कोटींच्या वर गेली. दहा रुपये भाव धरला, तर कंपनीची किंमत होते १ लाख ८ हजार कोटी. ‘दहा रुपयांवाली’ कंपनी ‘लाखावाली’च्या अडीच पट महाग! शेअरचा भाव एकटा काहीच सांगत नाही. सगळ्या कंपनीची किंमत आणि तिचा वर्षाचा नफा शेजारी ठेवले, की मग बोलणे सुरू होते.

नफ्यावरही लगेच विश्वास ठेवू नये. वार्षिक अहवाल सुरुवातीपासून वाचायला घेतला तर अध्यक्षांचे हसरे छायाचित्र भेटते. मी मागून वाचावे असे सुचवेन. लेखापरीक्षकांचा शेरा, संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार, संभाव्य देणी, आणि रोख प्रवाहाचे पत्रक. कंपनी पाच वर्षे नफा दाखवते आहे, पण धंद्यातून रोकड येत नाही, असे असेल तर तो नफा येणे रकमेच्या आकड्यात अडकलेला आहे किंवा मुळात नाही. मे २०१८ मध्ये मनपसंद बेव्हरेजेस या आंब्याचे पेय विकणाऱ्या बडोद्याच्या कंपनीचे लेखापरीक्षक, डेलॉइट, वार्षिक निकालाच्या तोंडावर राजीनामा देऊन गेले. त्यानंतर शेअर रोज खालच्या सर्किटला लागत राहिला. विकायचे होते त्यांना गिऱ्हाईकच मिळेना. पुढच्या वर्षी तिचे अधिकारी जीएसटी प्रकरणात अटकेत गेले.

सत्यम या संगणक कंपनीचे काय, असे कोणी विचारेल. तिथे बँकेतली रोकडच खोटी होती. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नसल्याचे कबूल केले. अहवाल वाचून ते सामान्य माणसाला कळणे अशक्यच होते. मात्र तीन आठवडे आधी, १६ डिसेंबर २००८ रोजी, सत्यमच्या पैशाने आपल्याच मुलांच्या ‘मेटास’ कंपन्या विकत घेण्याचा घाट राजूंनी घातला होता आणि तो सगळ्या वर्तमानपत्रांत आला होता. प्रवर्तक भागधारकांच्या पैशाशी कसा वागतो, हे ताळेबंदाइतकेच बोलते. प्रवर्तकांनी आपले शेअर गहाण टाकले असतील तर ते उघड करण्याची सक्ती सत्यमनंतरच आली. आज तो आकडा दर तिमाहीला शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर मिळतो. वाढत जाणारे गहाण दिसले तर कंपनी कितीही आवडती असो, दुसरी शोधावी. कंपन्या हजारो आहेत.

आणि पडणारा शेअर आणखी घेऊन ‘ॲव्हरेज’ करणे! छोट्या गुंतवणूकदाराचे जितके पैसे यात बुडाले, तितके चुकीच्या पहिल्या निवडीत बुडाले नसतील. येस बँक ऑगस्ट २०१८ मध्ये चारशेच्या वर होती. ती दोनशेला आली, शंभरला आली, पन्नासला आली, आणि प्रत्येक पायरीवर लोकांनी ‘आता किती पडणार?’ म्हणून घेतली. मार्च २०२० मध्ये निर्बंध आले आणि पुनर्रचनेत शंभराहून जास्त शेअर असणाऱ्यांचे तीन चतुर्थांश शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. निदान शेअर उरले तरी. डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीत तेही नाही. दिवाळखोरीत आधी कर्ज देणाऱ्यांचे फेडतात, भागधारक रांगेत सर्वांत शेवटी. जून २०२१ मध्ये पिरामलची योजना मंजूर झाली, तीत जुन्या शेअरची किंमत शून्य धरली होती. तरी व्यवहार थांबेपर्यंत लोक तो शेअर विकत घेतच होते. कंपनी वाचणार म्हणजे आपला शेअर वाचणार, हा समज त्यांना नडला.

महिन्याला पाच हजार बाजूला पडत असतील, तर दहा-बारा कंपन्यांपुढे जाऊ नये. त्याहून जास्त अहवाल नोकरी करून कोणी वाचत नाही. धंदा आपल्याला दोन वाक्यांत सांगता आला पाहिजे, कर्ज झेपणारे हवे, रोकड येत असावी, भाव नफ्याच्या मानाने डोक्यावरून जाणारा नसावा. आलेख आणि मेणबत्त्या पाहून ज्यांना समाधान मिळते त्यांनी पाहाव्यात. शिकवणाऱ्यांच्या नफ्याची चौकशी मात्र करावी. ‘बाप ऑफ चार्ट’ या नावाने शिकवणाऱ्यावर सेबीने ऑक्टोबर २०२३ मध्ये आदेश काढला आणि १७ कोटींहून अधिक रक्कम जप्त करण्यास सांगितले. विद्यार्थ्यांना नफ्याची चित्रे दाखवणारा हा गृहस्थ स्वतः अडीच वर्षांत दोन कोटींहून जास्त तोट्यात होता.

सोबत निफ्टीचा एखादा इंडेक्स फंडही घ्यावा, निदान तुलनेला. पाच वर्षांनी आपण निवडलेल्या शेअरचा परतावा लाभांश धरून त्या फंडाच्या मागे राहिला असेल, तर अहवाल वाचण्याची मेहनत फुकट गेली. मग पैसे फंडात वळवायला लाजू नये. ज्यांना अहवाल वाचणे कंटाळवाणे वाटते, त्यांनी पाच वर्षे थांबायचीही गरज नाही.

खाते उघडल्या दिवशीच एक काम उरकावे. नामनिर्देशन करावे, आणि ब्रोकरचे व डिपॉझिटरीचे नाव व खाते क्रमांक घरात कोणाला तरी लिहून द्यावा. पूर्वी निदान पेटीत कागद सापडायचे, आता सगळे फोनच्या कुलपाआड असते. सलग सात वर्षे लाभांश कोणी घेतला नाही, तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे जातात. वारसांना ते परत मिळतात, पण त्यासाठी निधीकडे वेगळा अर्ज, कंपनीची पडताळणी आणि वारसाहक्काचे कागद लागतात, आणि हे सगळे व्हायला बरेच महिने जातात.